उडण्याआधीचे अपघात

विमानाचा अपघात म्हटला की तो आकाशातच होतो असे आपण समजतो. पण दुसऱ्या महायुद्धातील कितीतरी बाँबफेकी विमाने जमिनीवर उभी असतानाच निकामी झाली. असे का व्हावे? उत्तर शालेय विज्ञानातच आहे.

‘लिबरेटर’ या अमेरिकी विमानाचे उदाहरण घेऊ. अशी 18,000 हून अधिक विमाने बनली. त्याच्या चारही इंजिनांत प्रत्येकी 14 सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे बसवलेले असत. विमान उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचे. हवा दाबता येते, तेल जवळजवळ दाबले जात नाही. अशा वेळी इंजिन एकदम सुरू केले तर दट्ट्या तेलावर अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. म्हणून आधी पंखा हाताने सावकाश फिरवत. तो अडला तर जोर न लावता खालचे स्पार्क प्लग काढून तेल निथळू देत. बिनसुईच्या सिरिंजमध्ये आधी हवा, मग पाणी भरून तोंड बोटाने बंद करा व दट्ट्या दाबा. फरक लगेच कळेल.

दुसरा धोका तरफेचा. लिबरेटरचे एक चाक नाकाखाली व मुख्य चाके गुरुत्वमध्याच्या किंचित मागे असत. हिशेबासाठी समजा, 16,000 किलोच्या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या 30 सेंटिमीटर पुढे आहे. 16,000 × 0.3 = 4,800. आता 70 किलोची 9 माणसे चाकांच्या 8 मीटर मागे गेली : 630 × 8 = 5,040. नाक वर उचलले जाईल आणि शेपटी जमिनीवर आपटेल! म्हणून सामान भरताना शेपटीखाली टेकू देत.

वाकलेला दांडा मात्र त्याच दिवशी तुटेल असे नाही. तो पुढे कधीतरी आकाशात तुटू शकतो. म्हणूनच प्रत्येक विमानाच्या नोंदवहीला महत्त्व आहे.

युद्धानंतर कानपूरला अनेक लिबरेटर मुद्दाम मोडतोड करून टाकून दिलेली होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी ती उडण्याजोगी केली आणि चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती पुढील दुरुस्तीसाठी बंगळूरला नेली. आधी काय बिघडले होते हे ठाऊक नसताना उडण्यात केवढी जोखीम होती! 1948 साली त्यांवर हवाई दलाचे 5 क्रमांकाचे स्क्वाड्रन उभे राहिले. पुण्याच्या 6 क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती सागरी टेहळणीसाठी वापरली. 1968 साली ती निवृत्त झाली. त्यांतले एक 1974 साली ब्रिटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयाला दिले गेले.

दारव्ह्यावरून पूर्वी धावणाऱ्या ‘शकुंतले’चे 1921 साली बनलेले वाफेचे इंजिनही 1994 पर्यंत चालले. यंत्राचे आयुष्य देखभालीवर ठरते. शाळेच्या पंपाची अशी नोंदवही विद्यार्थ्यांना ठेवायला सांगून पाहा : तारीख, चाललेले तास, आवाज, गळती, दुरुस्ती. पुढचा बिघाड बहुधा तीच आधी दाखवील.