तलवारीविना इतिहास!

ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की डोळ्यांसमोर येतात घोडे, तलवारी नि दरबार. एकदा ब्रिटनच्या वॉल्टर स्कॉट पुरस्काराची नामांकनं वाचून बघा! २०१० पासून दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराची अट मस्त आहे: कथानकाचा बराचसा भाग किमान ६० वर्षांपूर्वीचा हवा. म्हणजे आजीचं तरुणपणही इतिहासच की! २०२३ची विजेती 'दीज डेज' १९४१च्या बेलफास्टमधली; बॉम्बहल्ले आणि दोन बहिणी. २०२४ची 'हंग्री घोस्ट्स' तर १९४०च्या दशकातल्या त्रिनिदादमधली. बराकीत राहणारं भारतीय वंशाचं गरीब कुटुंब. राजे-महाराजे नाहीत, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. अंतिम यादी छोटीच असते. ट्रेनमध्ये रोज वीस पानं, बस्स! आणि रविवारी आजीला जरा बोलतं करा.