वेबसाइट झोपते? आधी रॅमचा हिशेब करा!

शिळफाटा, खोपोली, कर्जत परिसरात रिसॉर्ट-फार्महाउसची वेबसाइट चालवणाऱ्यांनो, पावसाळी शनिवार-रविवारी सर्व्हर मान टाकत असेल, तर लगेच मोठा प्लॅन घेऊ नका.

जुन्या पद्धतीच्या अपाची-पीएचपी जोडणीत (प्रीफोर्क) प्रत्येक चालू विनंतीला वेगळी प्रोसेस लागते. ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’ची मूळ मर्यादा 256. एक प्रोसेस 40 एमबी धरली, तर 256 प्रोसेसना 10 जीबी हवेत! रॅम 2 जीबीच असेल, तर काम डिस्कवरच्या स्वॅपवर जातं आणि सगळंच रेंगाळतं.

✅ डेटाबेस व सिस्टिमसाठी 800 एमबी ठेवा. उरलेले 1200 भागिले 40, म्हणजे मर्यादा 30. खोळंबा टोलनाक्यासारखा बाहेर रांगेत होऊ द्या, आत नको.
✅ ‘कीपअलाइव्हटाइमआउट’ 5 वरून 2 सेकंद करा. रिकाम्या बसलेल्या प्रोसेस लवकर मोकळ्या होतात.
✅ ‘मॅक्सकनेक्शन्सपरचाइल्ड’ शून्यावर असेल, तर 1000 करा. फुगलेल्या प्रोसेस तेवढ्या कनेक्शन्सनंतर बदलल्या जातात.
✅ जमल्यास इव्हेंट एमपीएम आणि पीएचपी-एफपीएम वापरा. मग फोटो, सीएसएस देताना पीएचपीचं ओझं नसतं.

बदलाआधी जुन्या कॉन्फिग फाइलची प्रत ठेवा. आकडे माझे नव्हे, ‘टॉप’ कमांडमध्ये दिसणारे तुमचे वापरा.