लष्करी मालमोटारी, सेवामुक्त

लष्करी मालमोटारी, सेवामुक्त : सैन्याने वापरून अथवा नुसत्याच साठवून नंतर विकून टाकलेल्या जड मालवाहू मोटारगाड्या. यांचे पहिले आयुष्य लष्करी असते व ते बहुधा थोडे असते. दुसरे आयुष्य नागरी असून ते कित्येकदा पहिल्याच्या तिप्पट-चौपट भरते. जुन्या वाहनांच्या अभ्यासकांना व षौकिनांना या गाड्यांचे जे आकर्षण वाटते ते या दोन्ही आयुष्यांमुळे. तथापि पहिल्याची नोंद सैन्याच्या दप्तरात सापडते, तर दुसऱ्याची नोंद गाडीच्या अंगावरच काय ती उरते.

दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) अशा गाड्या प्रथमच प्रचंड संख्येने तयार झाल्या. अमेरिकेतील जनरल मोटर्सची ‘जीएमसी सीसीकेडब्ल्यू’ ही अडीच टनी, सहाही चाकांच्या जागांना चालना असलेली गाडी १९४१ ते १९४५ या काळात पाच लक्षांहून अधिक संख्येने निर्माण करण्यात आली. कॅनडातील फोर्ड व शेव्हरोलेट कारखान्यांनी ब्रिटिश साम्राज्यातील सैन्यांसाठी एकाच नमुन्यावर सु. चार लक्ष गाड्या बांधल्या. भारतीय सेनेला मिळालेल्या गाड्यांत या ‘कॅनेडियन लष्करी नमुन्या’चा वाटा मोठा होता. जहाजावर जागा कमी लागावी व मालासाठी हौदा लांब मिळावा म्हणून या गाडीचे नाक आखूड ठेवलेले असे. त्यामुळे एंजिन चालकाच्या कक्षात शिरे आणि उन्हाळ्यात चालकाचे हाल होत. तिच्या नंतरच्या नमुन्यात पुढील काचेची वरची कड पुढे व खालची कड आत झुकविलेली असे. काचेवरून परावर्तित होणारे ऊन शत्रूच्या विमानास दिसू नये, हा त्यातील एक हेतू. आसाममधील लेडोपासून ब्रह्मदेशमार्गे चीनमधील कुन्मिंगला पोहोचणारा रस्ता १९४५ च्या प्रारंभी खुला झाला. त्यावरील वाहतूक जीएमसी, स्टुडबेकर इ. गाड्यांनीच चालविली.

युद्ध संपताच या गाड्या परत नेण्यापेक्षा जेथल्या तेथे विकणे स्वस्त ठरले. भारतात शासनाच्या विक्री विभागामार्फत त्या बाजारात आल्या. बोलीभाषेत ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द रूढ झाला तो तेव्हापासून. पुढे हे काम केंद्रीय पुरवठा व विक्री महासंचालनालयाकडे होते (ते २०१७ मध्ये बंद करण्यात आले); नंतरच्या काळात लष्करी भंगाराचा लिलाव मुख्यतः १९६४ मध्ये स्थापन झालेल्या ‘एमएसटीसी’ या शासकीय कंपनीमार्फत संगणकीय पद्धतीने होऊ लागला.

भिवंडी व परिसर : मुंबई इलाख्यात लष्करी तळांची एक साखळीच होती. खडकी, देहूरोड, अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर), देवळाली ही तिची ठळक ठिकाणे. कल्याण येथील युद्धकालीन लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. भिवंडी या छावणीपासून फार दूर नाही. शिवाय ते मुंबई–आग्रा मार्गावर वसलेले असल्याने मुंबई बंदराकडून कसारा (थळ) घाटाने देवळाली व नासिककडे जाणारी वाहने त्याच्यावरूनच जात. लष्करी गाड्यांचा हा मार्ग शांततेच्या काळात मालवाहतुकीचा मार्ग झाला, यात नवल नाही. मुंबईहून सूत आणणे, यंत्रमागावर विणलेले कोरे कापड प्रक्रियेसाठी मुंबईला पाठविणे, वाडा-शहापूरकडील लाकूड व गवत आणणे, खाणींतील खडी वाहणे ही सारी कामे लहान पल्ल्याची. जुन्या गाडीला झेपणारी. भिवंडीच्या यंत्रमागांपैकी अनेक माग मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले होते, ही गोष्टही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. दुसऱ्याने टाकलेले यंत्र दुरुस्त करून पोटापाण्यास लावण्याची विद्या ज्या गावाच्या अंगी मुरलेली आहे, त्याला लष्करी मोटारीचे अप्रूप वाटले नसावे. १९९० नंतर मानकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर इ. गावांत गोदामांची दाटी झाली. स्वस्त जमीन आणि मुंबईच्या जकातीबाहेर असणे (ही जकात १ जुलै २०१७ पासून रद्द झाली) ही त्यामागील दोन कारणे होत. मात्र गोदामांच्या या युगातील वाहतूक नव्या डिझेल गाड्यांची व कंटेनरांची आहे. लष्करी गाड्यांचे दिवस त्यापूर्वीच सरले होते.

नागरी रूपांतर : लिलावात घेतलेली गाडी तशीच रस्त्यावर आणणे क्वचितच परवडे. पहिली अडचण इंधनाची. जीएमसी गाडी पेट्रोलवर चाले व एका लिटरमध्ये जेमतेम तीन किमी. जाई. म्हणून पहिली शस्त्रक्रिया पुढच्या आसावर होई. पुढील चाकांना शक्ती पोहोचविणारा दांडा काढून टाकीत. पक्क्या रस्त्यावर पुढची व मागची चाके वळणात सारख्या वेगाने फिरत नाहीत. सर्व चाके एकत्र जखडलेली असतील, तर दंतचक्रांवर ताण येतो, टायर घासतात आणि इंधन वाया जाते. दांडा काढल्यावर पुढच्या आसाच्या मध्यावरील फुगीर लोखंडी पेटी मात्र तशीच राही, कारण चाके तिच्यावरच बसविलेली असत. गाडीचे कुळ ओळखण्याची ही सर्वांत खात्रीची खूण होय.

दुसरी शस्त्रक्रिया एंजिनाची. पर्किन्स या ब्रिटिश कंपनीचे ‘पी ६’ हे सहा सिलिंडरांचे सु. ४.७ लिटर क्षमतेचे डिझेल एंजिन पेट्रोल गाड्यांत बसविण्यास सोयीचे होते. पुढे मद्रासच्या सिंप्सन कंपनीने पर्किन्स एंजिने भारतातच तयार केली. एंजिन व क्लच यांच्या मध्ये बसणारी जोडतबकडी, एंजिन टेकण्याचे आधार आणि पंखा व पाण्याची जाळी यांतील अंतर, एवढ्या तीन गोष्टी जुळविल्या की काम होई. अर्थात त्या जुळविणे सोपे नव्हते. नकाशे नसत, मोजमाप मिस्त्रीच्या हातातील कंपासाचे व नजरेचे असे. क्रायस्लर कुळातील डॉज गाड्यांचे नशीब त्यामानाने बरे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून डॉज, फार्गो व डिसोटो या मालमोटारी बाहेर पडत असल्याने त्या घराण्याची माहिती असलेले कारागीर मुंबईत होते.

तिसरे काम हौद्याचे. लष्करी हौदा माणसे व दारूगोळा यांसाठी केलेला असे. तो उतरवून लाकडी फळ्यांचा, उंच कडांचा नवा हौदा सुतार बांधी. सैन्याचा अडीच टन हा भार रानवाटेसाठी ठरविलेला असल्याने पक्क्या रस्त्यावर गाडी त्याच्या दुप्पट भार पेलू शके. मालकांनी कमानींत जादा पाटे घालून त्याहूनही अधिक भार लादला. सांगाडा वाकला तर आतून पट्ट्या ठोकून तो सरळ केला जाई.

१९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेटपूर येथे डिझेल मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला आणि जुन्या गाड्यांचा लांब पल्ल्याचा धंदा हळूहळू गेला. तरी त्या मोडीत निघाल्या नाहीत, कारण त्यांच्यापाशी नव्या गाड्यांत नसलेला एक गुण होता. मुख्य दंतचक्रपेटीस जोडून असलेल्या दुय्यम पेटीमुळे त्या अत्यंत मंद गतीने पण जबर ओढीने चालत. घाटात उलटलेली वा बंद पडलेली वाहने ओढणाऱ्या क्रेनला हेच हवे असते. तिला दिवसाकाठी थोडेच किमी. धावावे लागते, तेव्हा इंधनाच्या खर्चाचे फारसे वाटत नाही. म्हणून मागील बाजूस लोखंडी तुळयांचा त्रिकोण व साखळीचा कप्पी-गाडा बसवून अनेक गाड्या क्रेन झाल्या. लाकूडतोडीचे रान, पाण्याचे टाकीवाहन आणि कूपनलिकेचे छिद्रणयंत्र हे त्यांचे इतर आश्रय. सर्वसाधारणपणे लांबची वाहतूक, जवळची वाहतूक आणि शेवटी क्रेन असा या गाड्यांचा उतरता क्रम दिसतो.

स्वातंत्र्योत्तर गाड्या : भारतीय सेनेने पश्चिम जर्मनीच्या ‘एमएएन’ कंपनीच्या परवान्याने १९५९ पासून जबलपूर येथे ‘शक्तिमान’ ही चारही चाकांना चालना असलेली मालमोटार बांधली. तिचे उत्पादन १९९६ पर्यंत चालले. निस्सानची एक टनी गाडी व ‘जोंगा’ ही तिची धाकटी भावंडे. शक्तिमान मुळातच डिझेलवर चालणारी असल्याने विकत घेणाऱ्याला एंजिन बदलण्याची यातायात करावी लागली नाही. त्यामुळे तिचे मूळ रूप बऱ्याच अंशी टिकले व षौकिनांना आज तीच अधिक मिळते. अशा गाडीच्या नागरी नोंदणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार लष्करी अधिकाऱ्यांचे नमुना २१ मधील मूळ विक्रीप्रमाणपत्र लागते. ऊर्ध्वबाण व वर्षाचे दोन अंक असलेली सेनेची क्रमांकपट्टी विक्रीबरोबर रद्द होते. प्रमाणपत्र गहाळ झाले, तर गाडी कितीही ठणठणीत असली तरी ती कायद्याने भंगारच.

इतर देश : ब्रिटनमध्ये एईसी कंपनीच्या ‘मॅटॅडोर’ या तोफा ओढणाऱ्या गाड्या युद्धानंतर लाकूड वाहण्याच्या व अपघातग्रस्त वाहने ओढण्याच्या कामी आल्या. (पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीच्या मॅटॅडोरशी तिचा नावापलीकडे संबंध नाही.) वेल्समधील विन या वाहतूकदार कंपनीने रणगाडे वाहणाऱ्या अमेरिकन ‘पॅसिफिक’ गाड्यांनी वीजकेंद्रांची अवजड रोहित्रे नेली. ब्रह्मदेशात कॅनेडियन शेव्हरोलेट गाड्यांवर लाकडी हौदे बांधून त्या बस म्हणून अनेक दशके चालविण्यात आल्या. ब्रिटन (१९६८) व अमेरिका (१९७६) येथे लष्करी वाहनांच्या जतनासाठी संघटना निघाल्या व त्यांचे मेळे भरतात. तेथील षौकिनांत एक जुना वाद आहे. गाडी कारखान्यातून निघाली तशी करावी, की तिच्या नागरी आयुष्यातील रंग, क्रेन व ठिगळे जपावीत? पहिला पक्ष संख्येने मोठा आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीने दुसऱ्या पक्षाची बाजू अधिक बळकट वाटते. हिरवा रंग फासलेल्या सारख्या गाड्या शेकड्यांनी आहेत, क्रेन झालेली गाडी मात्र प्रत्येक निराळी असते.

भारतात हा वाद कायद्यानेच एका अर्थी निकालात काढला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत केलेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. ती दुचाकी व बिगरव्यापारी वापराच्या चारचाकी मोटारींपुरती आहे. शिवाय वाहन मूळ स्वरूपात असावे, त्याच्या सांगाड्यात, कवचात वा एंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे महायुद्धकालीन जीप तीत बसू शकते; पण हौदा बदललेली, पर्किन्स एंजिनाची, धंद्यासाठी राबलेली मालमोटार तीत बसत नाही. ज्या बदलांनी तिला जगविले तेच तिच्या आड येतात. त्याच वर्षी वाहने मोडीत काढण्यासंबंधीचे नियमही जारी झाले. पोलादाचा भाव चढला की अशी गाडी षौकिनापर्यंत पोहोचण्याआधी गॅस कटरखाली जाते. कारण भंगारवाल्याचा रोख भाव आज मिळतो, षौकीन केव्हा येईल याचा नेम नसतो.

ओळखीच्या खुणा : पुढील आसावरील फुगीर पेटीशिवाय इतरही खुणांवरून अशी गाडी ओळखता येते. चालकाजवळ एकाहून अधिक दांडे व त्यांच्या वापराची इंग्रजी धातुपट्टी, सांगाड्याच्या टोकांना जाड ओढआकडे, दोन भाग बोल्टांनी जोडून केलेली चाके, युद्धकालीन अंधारपटाच्या (ब्लॅकआउट) दिव्यासाठी बसविलेला रिकामा कंस या त्यांपैकी काही होत. काही जीएमसी गाड्यांवर यंत्रबंदुकीच्या वर्तुळाकार बैठकीचे आधारही दिसतात. हौदा, एंजिन व रंग बदलले, तरी सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक सहसा शिल्लक असतो. तो उजव्या वा डाव्या कडेस असून मळी व रंगाचे थर खरवडल्याखेरीज वाचता येत नाही.