माउलीचे जाते आणि लेकाची वही



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खोडवा आणि खताचे हप्ते यांविषयी बोलतो. आज जरा वेगळे लिहितो. एका शेतकरी आईची आठवण काढायची आहे.

बहिणाबाई चौधरींचे नाव आपण शाळेत ऐकलेले असते. त्यांचा जन्म १८८० सालचा, जळगावजवळच्या असोद्याचा. १३ व्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला नांदायला आल्या आणि तिशीत विधवा झाल्या. पदरात ओंकार, सोपान आणि काशी ही तीन लेकरे. त्यातच प्लेगच्या दुखण्याने थोरल्याला कायमचे अपंगत्व आले. अशा घरात रान कसायचे, लेकरे वाढवायची आणि धीर सोडायचा नाही, हे सोपे का काम होते? पण त्या माउलीने ते केले.

त्यांना अक्षरओळख नव्हती. जात्यावर दळताना, शेतात राबताना आपल्या खानदेशी लेवा बोलीत त्या गाणी रचत. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी सगळे त्यात आले. देवावर श्रद्धा मोठी, पण ती हातपाय गाळून बसणारी नव्हे. बी मातीत रुजते, कोंब वर येतो, त्यात त्यांना देव दिसे. कपाळीचे कुंकू गेल्यावर मात्र एका गाण्यात ज्योतिषाला त्या स्पष्ट सांगतात, की माझा हात बघायला दारी येऊ नकोस. भविष्य विचारण्यापेक्षा त्यांनी आपल्या मनगटावर भरवसा ठेवला.

ही गाणी वाऱ्यावर विरायचीच. पण धाकटे चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती ऐकून लिहून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. सोपानदेव स्वतः कवी, तरी आईची ही गाणी लोकांपुढे ठेवायला संकोचत होते. आचार्य अत्र्यांनी ती ऐकली, छापण्याचा आग्रह धरला, प्रस्तावनाही लिहिली. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. ज्या बाईला सही येत नव्हती, तिचे नाव २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला मिळाले.

हे लिहिताना मला माझी आई आठवते. पहाटे जात्याची घरघर आणि तिची ओवी ऐकतच मी जागा व्हायचो. पुढे गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले. मी शेतकीची पदविका घेतली. माती परीक्षणाचे सगळे अहवाल आजही माझ्या फायलीत जपून आहेत. आईची मात्र एकही ओवी माझ्याकडे लिहिलेली नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली. आता आठवायला बसलो, तर चाल आठवते, शब्द येत नाहीत.

मागच्या हंगामात एका सभासदाच्या प्लॉटवर मोठी बांधणी चालू करायची होती. मी म्हणालो, “लावा पॉवर टिलर.” बांधावर बसलेली त्यांची म्हातारी आई उठली, मूठभर माती दाबून माझ्यापुढे धरली. “सायेब, लाडू वळतोय बघा. वाफसा नाय अजून. दोन दिस थांबा.” मी वाकून बघितले. म्हातारीचे खरे होते.

“आजी, हे कुणी शिकवलं?”

“सासूनं. तिला तिच्या सासूनं.”

या आजीचे नाव आमच्या ऊस नोंदीत नाही, भागपत्रावरही नाही. पण त्या रानाचा निम्मा अभ्यास तिच्या मुठीत आहे.

तेव्हा एक विनंती आहे. घरात शाळेत जाणारे मूल असेल, त्याला एक वही द्या. आजीजवळ बसव म्हणावे. ओवी असो, पावसाचा अंदाज असो, बियाण्याची खूण असो, ती सांगेल तसे, तिच्याच बोलीत उतरवून घ्यावे. शुद्धलेखन नंतर बघता येईल.

गळीत हंगाम दर वर्षी येतो. आई एकदाच असते.

– ऊस विकास अधिकारी