थर्मामीटर अडतो कुठे?

नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या एका मराठी वाचकाचा प्रश्न आला आहे : ‘डुकराच्या खांद्याचा चार किलोचा तुकडा धुरावर शिजवायचा, तर किती तास धरावेत? इथले लोक पाउंडामागे दीड ते दोन तास सांगतात. त्या हिशेबानं कधी पाहुणे ताटकळतात, तर कधी मांस तीन तास आधीच तयार होतं.’

प्रश्न स्वयंपाकाचा आहे, पण उत्तरासाठी उष्णतेच्या अभ्यासातले दोन पाठ उघडावे लागतात.

पहिला पाठ असा, की वेळेचा हिशेब वजनावर बेतायचाच नसतो. उष्णता मांसाच्या पृष्ठभागावरून मध्याकडे झिरपते आणि तिला किती वेळ लागणार हे जाडी ठरवते. उष्णतावहनाचं गणित जोसेफ फूरिए यांनी १८२२ साली ग्रंथरूपानं मांडलं. त्यातून निघणारा नियम सांगतो, की जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट. उलट जाडी तीच ठेवून तुकडा दुप्पट लांब घेतला, तर वजन दुप्पट होतं, पण वेळ जवळपास तेवढाच राहतो. अमेरिकेतल्या ‘स्लॅक’ या कणत्वरक प्रयोगशाळेचे पहिले संचालक वोल्फगांग पॅनोफ्स्की यांना टर्कीबाबतचा ‘पाउंडामागे अर्धा तास’ हा नियम असाच खटकला. त्यांनी स्वतःचं सूत्र बांधलं : पाउंडातल्या वजनाचा दोन-तृतीयांश घात घ्या, त्याला दीडनं भागा, तास मिळतील. आकार तोच ठेवून वजन आठपट केलं की जाडी दुप्पट होते आणि वेळ चौपट. सूत्रही तेच सांगतं. तीन किलोमीटर लांबीचा कणत्वरक उभारणारा माणूस सणाच्या टर्कीचंही गणित तितक्याच मनापासून मांडतो, याचा मला फार आनंद वाटतो.

स्मोकरमध्ये मात्र एवढ्यावर भागत नाही. तिथली हवा १०५ ते ११० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मांसाच्या मध्यावर ९० ते ९५ अंश गाठायचे असतात, कारण तेव्हाच चिवट कोलॅजेनचं जिलेटिन होऊन मांस बोटांनी सुटतं. सुरुवातीचे काही तास आकडा नेटानं चढतो आणि ६५ ते ७० अंशांच्या आसपास अडतो. कधी चार-पाच तास हलतच नाही. बार्बेक्यूवाले याला ‘स्टॉल’ म्हणतात. कोलॅजेन विरघळताना उष्णता पितं म्हणून असं होतं, असं स्पष्टीकरण वर्षानुवर्षं दिलं जात होतं.

ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञानं ते तपासून पाहिलं. ज्यात कोलॅजेनचा कणही नाही असा पाण्यानं भिजवलेला स्पंज त्यानं तापवला, आणि चरबीचा गोळाही. चरबीचं तापमान न थांबता चढत गेलं. स्पंज मात्र मांसासारखाच अडला! म्हणजे कारण पाणी. मांसाच्या पृष्ठभागावरून बाष्प उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार राहतं ते याच कारणानं. आचेकडून येणारी उष्णता आणि बाष्पाबरोबर जाणारी उष्णता यांची बरोबरी झाली, की थर्मामीटर थांबतो.

हे प्रकरण किती मोठं आहे, ते एका हिशेबानं कळेल. फक्त १०० ग्रॅम पाणी उडायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात चार किलो मांसाचं तापमान सुमारे १६ अंशांनी वाढलं असतं. म्हणूनच हवा कोरडी की दमट, स्मोकरमध्ये वारा किती खेळतो, मांस उघडं की गुंडाळलेलं, यांवर तासांचे तास इकडचे तिकडे होतात. ‘जेवण अमुक वाजता तयार’ असं सांगणाऱ्या ॲपवर माझा विश्वास नाही तो यामुळेच : सुरुवातीची चढण पाहून पुढचा थांबा किती लांबेल हे कळत नाही.

तेव्हा वाचकाला माझं उत्तर असं. चार किलोला बारा ते अठरा तास हा केवळ अंदाज समजावा. निर्णय मांसातल्या थर्मामीटरनं करावा. घाई असेल तर आकडा अडल्यावर मांस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळावं. बाष्पाची वाट बंद झाली की तापमान पुन्हा चढू लागतं. आणि सुरुवात लवकरच करावी. तयार मांस गुंडाळून थर्माकोलच्या किंवा आइसबॉक्ससारख्या बंद पेटीत ठेवलं, तर काही तास चांगलं गरम राहतं.

या साऱ्यात एक नाव कुणी घेत नाही, ते जोसेफ ब्लॅक यांचं. १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्लासगोत त्यांनी दोन सारखी काचेची भांडी एका मोठ्या दालनात टांगली. एकात बर्फ, दुसऱ्यात बर्फाइतकंच थंड पाणी. पाण्याचं तापमान सात अंश फॅरनहाइटनं वाढायला अर्धा तास लागला. बर्फाला वितळून तिथवर यायला साडेदहा तास! थर्मामीटर न हलवणारी उष्णताही असते, हे त्यातून सिद्ध झालं. आपण शाळेत शिकतो तो अप्रकट उष्मा हाच. उकळत्या पाण्याच्या वाफेलाही त्यांनी हाच विचार लावला. वाफेच्या प्रचंड उष्णतेनं चकित झालेले जेम्स वॉट स्पष्टीकरणासाठी त्यांच्याकडेच गेले होते. वॉट यांचं नाव आज प्रत्येक दिव्यावर छापलेलं असतं. ब्लॅक यांनी आपला शोध वर्गात शिकवला, पण छापला नाही. त्यांची व्याख्यानं पुस्तकरूपात आली ती १८०३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर.

ब्लॉन्डरचा स्पंज याच परंपरेतला आहे : दोन वस्तूंना सारखी उष्णता द्यायची आणि कोण मागे राहतं ते पाहायचं. ब्लॅक यांनी घड्याळावरून उष्णता मोजली. आपल्याला उष्णतेवरून घड्याळ सांगायचं आहे, म्हणून ‘मांस किती किलो’ याआधी ‘जाड किती, आणि पाणी किती उडणार’ हे विचारायला हवं.