हैफाच्या बंदरातला एक दिवस

आपल्या कोकणातली कितीतरी मुलं क्रूझवर, म्हणजे मोठ्या प्रवासी जहाजांवर नोकरी करतात. त्यामुळे आमच्या गटाच्या बैठकीतही आता प्रश्न येतो, की जहाजाच्या सहलीत देवस्थानं बघून होतात का? होतात. कशी, ते आज इस्रायलमधल्या हैफा बंदराच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

जहाज सकाळी बंदराला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. मधले आठ-दहा तास आपले. बरेच जण उतरल्या उतरल्या जेरुसलेमची बस धरतात. ज्यू, ख्रिश्चन आणि मुसलमान या तिघांचंही ते पवित्र शहर, त्यामुळे ओढ असणारच. पण अंतर सुमारे १५० किलोमीटर. जाऊन-येऊन चार तास बसमध्येच जातात. उरलेल्या वेळात दगडी गल्ल्या आणि पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या बाईचं अर्धं लक्ष पायांकडे, अर्धं घड्याळाकडे.

अशा बाईला आम्ही सांगू, हैफातच थांबा. शहरातच कार्मेल डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी एलिया संदेष्ट्याची गुहा आहे. ज्यू, ख्रिश्चन, मुसलमान आणि द्रूझ, सगळे तिला मानतात. आपल्याला हे नाव परकं नाही. आपले बेने इस्रायल शेजारी पोहे, खोबरं, फळं ठेवून मलिदा करतात, तो याच एलियाहू हन्नावीच्या नावानं. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत, अशी त्यांची श्रद्धा आहे. गुहेत बायका-पुरुषांची जागा वेगळी असते. अंगभर कपडे हवेत. शनिवारी शब्बाथ, म्हणून ती बंद असते.

वर डोंगरावर स्टेला मारिस हा ख्रिश्चन मठ आहे. त्याच डोंगराच्या उतारावर, सोनेरी घुमटाखाली, बहाई धर्मातल्या बाब यांची समाधी आहे. भोवती १९ टप्प्यांची बाग. तिला २००८ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. समाधीच्या आत ठरावीक वेळेतच सोडतात, म्हणून वेळ आधी विचारून ठेवा.

आता पैशाचं आणि वेळेचं. जहाज कंपनीच्या सहलीतून गेलात आणि बसला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबतं. स्वतः टॅक्सी करून गेलात तर थांबत नाही. मग पुढच्या बंदरापर्यंत आपल्या खर्चानं जावं लागतं. जहाजाचं घड्याळ आणि गावाचं घड्याळ कधी कधी वेगळं असतं. उतरताना जहाजावरच्या घड्याळाशी आपलं जुळवून घ्या. जहाजाचं कार्ड आणि बंदरातल्या एजंटचा नंबर जवळ ठेवा. व्हिसाची चौकशी पैसे भरण्याआधीच करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बंदर बदलण्याचा हक्क कंपनीकडे असतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथे युद्ध सुरू झाल्यावर अनेक कंपन्यांनी इस्रायलचे थांबे रद्द केले. म्हणून बुकिंगच्या कागदात दोन गोष्टी वाचा किंवा कुणाकडून वाचून घ्या: थांबा रद्द झाला तर कोणते पैसे परत मिळतात आणि कोणते बुडतात. एका दर्शनासाठी वर्षानुवर्षं पैसे साठवले असतील, तर ही चौकशी सही करण्याआधी व्हायला हवी. एजंट घाई करत असेल, तर कागद घरी आणा आणि गटात चार जणींना दाखवा.