क्रूझला निघताय? प्रवास विम्यातली ही कलमे तिकिटाआधी वाचा

सिंगापूरच्या पॅकेजमध्ये आता चार रात्रींची क्रूझ हमखास असते. इकडे मुंबईच्या इंदिरा गोदीत आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले आहे. मुंबई-गोवा जहाजाची चौकशी तर ऑफिसच्या कट्ट्यावरही होते. केबिन बाल्कनीची घ्यायची की खिडकीची, यावर घरात आठवडाभर चर्चा होते. विम्याची वेळ आली की मात्र टूरवाला जी पॉलिसी देईल तिच्यावर टिक करून आपण मोकळे होतो.

अडचण अशी की, आपल्याकडच्या बहुतेक प्रवास विमा पॉलिसी विमानप्रवास डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. विमानाला उशीर, बॅग हरवणे, परदेशातल्या रुग्णालयाचा खर्च, पासपोर्ट गहाळ होणे, हे सगळे त्यात असते. पण जहाजावरचा डॉक्टर, बंदरावर तुम्हाला सोडून निघून गेलेले जहाज किंवा ऐन वेळी गाळलेले बंदर, यांचा उल्लेख असेलच असे नाही.

क्रूझ म्हटले की अनेकांना आधी बुडण्याची भीती वाटते. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला, ते दृश्य अजून लोकांच्या लक्षात आहे. पण असे अपघात विरळा. विम्याची गरज पडते ती डेकवर पाय घसरला, पोट बिघडले, छातीत दुखू लागले किंवा जहाज सुटले म्हणून.

जहाजावरच्या डॉक्टरचे बिल कोण भरते?

एक उदाहरण घेऊ. ठाण्यातले कुटुंब : नवरा-बायको, शाळकरी मुलगी आणि ६८ वर्षांचे बाबा. बाबांना रक्तदाब आहे आणि पाच वर्षांपूर्वी स्टेंट टाकलेला आहे. मार्ग सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर. दुसऱ्या रात्री बाबांच्या छातीत दुखू लागते.

मोठ्या जहाजांवर मेडिकल सेंटर असते. तिथे डॉक्टर, नर्स, ईसीजी, ऑक्सिजन, प्राथमिक तपासण्या अशी सोय असते. ही सेवा तिकिटात धरलेली नसते. बिल केबिनच्या खात्यावर चढते आणि खाली उतरण्याआधी तुमच्या कार्डातून वळते होते. भारतीय पॉलिसीची कॅशलेस सोय तिथे सहसा चालत नाही. म्हणजे पैसे आधी आपण भरायचे आणि परत आल्यावर क्लेम करायचा. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा शिल्लक ठेवणे हाही तयारीचाच भाग आहे.

इथे पहिले कलम आडवे येऊ शकते. काही पॉलिसी फक्त भरती झाल्यावरचा खर्च देतात, तर काहींमध्ये बाह्यरुग्ण उपचारांना वेगळी, छोटी मर्यादा असते. तासभर निरीक्षणाखाली ठेवून केबिनमध्ये परत पाठवले, तर ती भरती धरायची की नाही? उत्तर पॉलिसीतल्या 'हॉस्पिटल' आणि 'आउटपेशंट' या व्याख्यांमध्ये असते. तिथे जहाजावरचे उपचार स्पष्ट शब्दांत मान्य केलेले असतील तर उत्तम. नसतील तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. फोनवर मिळालेले 'हो, होतं सर' क्लेमच्या वेळी उपयोगी पडत नाही.

आता समजा, डॉक्टर म्हणाले की यांना उतरवावेच लागेल. फुकेतला रुग्णवाहिका येते, बाबा खासगी रुग्णालयात भरती होतात. इथे प्रश्न येतो त्या जुन्या स्टेंटचा. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास पॉलिसींमध्ये आधीपासूनचा आजार वगळलेला असतो. काहींमध्ये जीव धोक्यात असेल तर रुग्ण स्थिर होईपर्यंतचा खर्च मिळतो, तोही ठरावीक मर्यादेपर्यंत. कव्हर एक लाख डॉलरचे असले तरी या एका कारणासाठीची मर्यादा त्याच्या अगदी छोट्या हिश्शाइतकी असू शकते. साठीच्या पुढच्या प्रवाशांसाठी खोलीभाडे, आयसीयू, शस्त्रक्रिया यांना वेगवेगळ्या उपमर्यादाही असतात.

याहून मोठा धोका फॉर्ममध्ये असतो. टूरवाला घाईत विचारतो, 'काही आजारबिजार नाही ना?' आपण म्हणतो, 'नाही हो, फक्त बीपीची गोळी.' फॉर्मवर 'नाही' एवढेच जाते. मग हा क्लेम आजार लपवल्याच्या कारणावरून फेटाळला जाऊ शकतो. आई-बाबांचा फॉर्म स्वतः भरा, गोळ्यांची नावे लिहा. प्रीमियम वाढेल, एखादी कंपनी पॉलिसीच नाकारेल. पण ते घरी बसून कळलेले बरे.

जहाज निघून गेले, पुढे काय?

बाबा रुग्णालयात, आणि संध्याकाळी जहाजाची निघायची वेळ. ते थांबत नाही. मुलगा बाबांजवळ राहतो. बायको आणि मुलगी जहाजाने जातात किंवा चौघेही उतरतात. न वापरलेल्या रात्रींचे पैसे, हॉटेल, फुकेतहून मुंबईची नवी तिकिटे हे सगळे 'ट्रिप इंटरप्शन' किंवा 'कर्टेलमेंट' या कलमाखाली येते. त्यात जहाजाचे आगाऊ भरलेले भाडे धरले आहे का, ते पाहा. सोबत थांबणाऱ्या नातेवाइकाचा हॉटेलखर्च मिळतो का, हेही तपासा. काही पॉलिसींत तो रुग्ण ठरावीक दिवसांपेक्षा जास्त भरती असेल तरच मिळतो.

मग दोन शब्द येतात, जे जाहिरातीत एकाच दमात छापलेले असतात : मेडिकल इव्हॅक्युएशन आणि रिपॅट्रिएशन. पहिल्याचा अर्थ योग्य उपचार मिळतील अशा जवळच्या रुग्णालयात हलवणे. दुसऱ्याचा अर्थ मायदेशी आणणे. पार्थिव आणण्याचा खर्चही याच शब्दाखाली येतो. इव्हॅक्युएशनच्या कलमात जहाजावरून किनाऱ्यावर नेणे धरले आहे का, हे क्रूझवाल्यांनी आवर्जून वाचावे. 'एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात' एवढेच लिहिले असेल, तर सर्वांत अवघड पहिला टप्पा बाहेरच राहतो. बोट किंवा हेलिकॉप्टर आणि पुढे एअर ॲम्ब्युलन्स असा प्रवास झाला तर बिल हजारो डॉलरच्या घरात जाते. आणि कुठे हलवायचे, हे सहसा विमा कंपनीच्या मदत केंद्राचे डॉक्टर ठरवतात. त्यांना न विचारता तुम्ही परस्पर विमान ठरवले, तर तो खर्च नाकारला जाऊ शकतो.

आजारपण नसतानाही जहाज सुटते. मुंबईहून सकाळचे विमान, दुपारी चारला जहाज, आणि विमानाला चार तास उशीर. पॉलिसीत 'मिस्ड कनेक्शन' असते, पण अनेकदा त्याची व्याख्या एका विमानातून दुसऱ्या विमानात अशी असते. 'मिस्ड डिपार्चर' किंवा क्रूझसाठीचे वेगळे कलम आहे का ते शोधा. त्याहून साधा उपाय म्हणजे एक दिवस आधी पोहोचणे. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च मी तरी या विम्याचाच हप्ता समजतो.

मधल्या बंदरावर फिरायला उतरून तुम्हीच उशिरा आलात तर मात्र कुठलीही कंपनी मदतीला येईल अशी आशा ठेवू नका. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर खासगी सहलीहून उशिरा परतलेल्या आठ प्रवाशांना 'नॉर्वेजियन डॉन' जहाजाने परत घेतले नव्हते. जहाज कंपनीनेच आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला, तर जहाज सहसा थांबते. बाहेरची टॅक्सी स्वस्त पडते, पण जोखीम आपल्या गळ्यात राहते.

बंदर गाळले तर पैसे परत?

खराब हवामान, बिघाड किंवा सुरक्षेच्या कारणाने मार्ग बदलण्याचा हक्क तिकिटाच्या करारातच जहाज कंपनी राखून ठेवते. एखादे बंदर गाळले तर फार तर त्या बंदराचे शुल्क परत मिळते. आधीच भरलेली तिथली टॅक्सी, तिकिटे, हॉटेल आपले आपण सोसायचे. काही विमा कंपन्या क्रूझसाठी वेगळे ॲड-ऑन देतात. त्यात गाळलेले बंदर, अर्धवट राहिलेली सफर, सुटलेले जहाज अशा गोष्टी येतात. क्रूझ सात-आठ रात्रींची आणि महाग असेल तर ते घ्यावे. दोन रात्रींच्या सहलीला मला ते जास्तीचे वाटते.

युद्ध हा बहुतेक पॉलिसींमधला अपवाद आहे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर क्रूझ कंपन्यांनीही तिकडचे मार्ग बदलले. त्यामुळे तिकीट काढतानाच मार्गातल्या देशांबाबत सरकारची सूचना जारी आहे का, ते पाहून घ्या.

व्हिसाचेही तसेच. तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीस किंवा इटलीत येणाऱ्या सफरीला एकापेक्षा जास्त प्रवेशाचा शेंगेन व्हिसा लागतो. तो नसल्याने बंदरावर अडवले गेलात तर विमा काही देत नाही.

पॉलिसी कुठल्या भागासाठी?

'आशिया', 'अमेरिका-कॅनडा वगळून जग', 'संपूर्ण जग' अशा पॉलिसी मिळतात. गल्लत होते ती कॅरिबियनच्या सफरीत. बेटे अमेरिकेत नाहीत म्हणून स्वस्त पॉलिसी घेतली जाते. पण जहाज मायामीहून निघते आणि गंभीर रुग्णाला फ्लोरिडातच हलवले जाण्याची शक्यता असते. तिथे 'अमेरिकेसह' हाच पर्याय हवा. न्यू जर्सीला किंवा टेक्सासला मुलांकडे गेलेल्या आई-बाबांना मुले हौसेने बहामा किंवा अलास्काची क्रूझ घडवतात. त्यांचा 'व्हिजिटर' विमा अमेरिकेत घेतलेला असेल, तर तो अमेरिकेबाहेरच्या बंदरात आणि भर समुद्रात किती चालतो, हे बुकिंगआधी विचारावे.

रक्कम किती असावी? शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचे वैद्यकीय कव्हर लागते. ती व्हिसाची अट आहे. हृदयविकार आणि एअर ॲम्ब्युलन्स एकत्र आले तर ती पुरेलच असे नाही. तरुण प्रवाशाला आशियातल्या आठवड्यासाठी पॉलिसी अनेकदा हजार रुपयांच्या आत मिळते. ज्येष्ठांना काही पट जास्त पडते. बॅगेचे कव्हर वाढवण्यात पैसे घालवू नका. ते वैद्यकीय रकमेत घाला.

मुंबई-गोव्याला विमा कशाला?

देशातल्या देशात फिरताना परदेश प्रवासाची पॉलिसी लागू होत नाही. 'मेडिक्लेम आहे ना' म्हणून आपण निश्चिंत असतो. मात्र आपल्याकडच्या आरोग्य विम्यात रुग्णालयाची व्याख्या काटेकोर असते : नोंदणी हवी किंवा गावाच्या लोकसंख्येनुसार किमान १० किंवा १५ खाटा, चोवीस तास डॉक्टर-नर्स, शस्त्रक्रियागृह इत्यादी हवे. जहाजावरचा दवाखाना या मोजपट्टीत बसणे कठीण. किनाऱ्यावर आणून भरती केल्यावर मेडिक्लेम सुरू होईल. आधीचा खर्च आणि बुडालेले भाडे यांसाठी देशांतर्गत प्रवास विमा लागेल. चेन्नईहून श्रीलंकेला जाणारी सफर मात्र परदेश प्रवास आहे, जहाज भारतीय कंपनीचे असले तरी.

साथीचा मुद्दा करोनानंतर आपण विसरलो. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाजवळ 'डायमंड प्रिन्सेस'वर ३,७०० हून अधिक जण अडकले होते. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर ६६ जण बाधित आढळले आणि ते जहाज मुंबईला परतले. जहाजांवर पोटाचा नोरोव्हायरसही पसरतो, आणि रुग्णाला केबिनमध्येच थांबायला सांगतात. त्या दिवसांची भरपाई देणारे कलम परदेशी पॉलिसींमध्ये दिसते; आपल्याकडे ते गृहीत धरू नका.

दारूच्या नशेतली दुखापत, गर्भारपणातला खर्च आणि जेट स्की, स्कूबा यांसारखे खेळ हेही सहसा बाहेर असतात. ड्रिंक्स पॅकेज घेणाऱ्यांनी पहिला अपवाद दोनदा वाचावा.

क्लेमसाठी काय जपायचे?

निघण्याआधी मदत केंद्राचा नंबर, ईमेल आणि पॉलिसी क्रमांक कागदावर लिहून घ्या. त्याची एक प्रत घरी कुणाकडे तरी ठेवा. भर समुद्रात फोन जहाजाचे नेटवर्क पकडतो. त्याचे दर जास्त असतात आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते अनेकदा नसते. म्हणून फोन एरोप्लेन मोडवर ठेवा. अडचणीत रिसेप्शनवरून फोन किंवा जहाजाच्या वायफायवरून ईमेल करा. डॉक्टरांचा अहवाल, बाबवार बिल, पैसे भरल्याची पावती आणि कधी उतरवले, कोणते बंदर गाळले याचे जहाजाचे पत्र, हे उतरण्याआधी मागून घ्या. घरी आल्यावर ते मिळवताना महिने जातात.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. मग 'बिमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा टोल फ्री क्रमांक आहे. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत तक्रार करता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात.